जुन्या नंबरावरचा भाऊ

मु. मोहबोडी, ता. सिंदेवाही
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

चि. रंजीतास,
मुखरूदादाचे आशीर्वाद.

आधी खुशाली लिहायची असते, एवढं शाळेतलं पत्रलेखन मला आठवतं. तर आम्ही बरे आहोत. धान घरात आलं. तुझ्या पुनमवहिनीने बांधावर तूर लावली होती, तीही चांगली झाली. सकाळी बोडीच्या पाण्यावर इतकं धुकं असतं की बगळे दिसत नाहीत, फक्त त्यांचे पंख ऐकू येतात. दुकान उघडायच्या आधी मी तिथे उगीच उभा राहतो. पळसाला कळ्या धरल्यात.

तू म्हणशील, मोबाईल दुरुस्त करणारा माणूस चिठ्ठी काऊन लिहून राह्यला? परवा मी आरमोरीला तुझ्या सासूकडे गेलो होतो. गुणाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, तुझा नंबर मात्र दिला नाही. म्हणाल्या, "तिनं कोणाले देऊ नको म्हणून सांगतलं हाय. चिठ्ठी देशीन तं भिलाईले पोचवून देईन." घरी येऊन वही फाडली आणि बसलो लिहायला.

दुकानासमोरचा माझा फळा अजून आहे. रोज सकाळी इंटरनेटच्या जगातली एक बातमी लिहितो आणि खाली माझं मत. लोक बातमी वाचत नाहीत, मत वाचतात. मध्यंतरी लिहिलं, ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या पोरांना समाजमाध्यमं बंद केली. खाली मत: आपल्या गावात पाऊस आला की ही बंदी साठ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू होते. त्याच्या आधी आपल्याकडच्या नव्या कायद्यावर लिहिलं, माणसाची माहिती घ्यायची तर आधी त्याची संमती घ्यावी लागेल. मत: कंपनी विचारते, मान्य आहे का? खाली बटणं दोनच, 'मान्य' आणि 'नंतर मान्य'. पोरगी पाहायला आलेल्यांपुढे पोह्यांची बशी धरून उभी केल्यावर तिला विचारतात ना, तुझी मर्जी आहे ना बाई, तसंच हे. त्या दिवशी गावातल्या बायका दोनदा येऊन वाचून गेल्या.

म्हातारा कोलूबुवा रोज येतो. मी एकदा त्याला एका ॲपच्या अटी दाखवल्या. बोट वर सरकवत राहिलो, अटी संपेनात. तो म्हणाला, "एवढं लांब लिवलं म्हणजे काहीतरी दडवलं असन."

या चिठ्ठीचंही तसंच होत चाललंय, रंजू. मुद्द्यावर येतो.

डिसेंबरात एक गिऱ्हाईक फुटलेली काच बदलायला आलं. काच बसवून मी फोन चालू केला, तर पडद्यावर तू. तीच निळी साडी, आपल्या नाटकाच्या तालमीची तीच खोली. पण तू बोलत होतीस. केसांच्या तेलाची जाहिरात करत होतीस, हसत, शुद्ध पुण्याच्या भाषेत. नव्या यंत्राने तुझ्या तोंडात वाक्यं घातली होती. यंत्राने बनवलेल्या चित्रावर तसं लिहावं लागेल, असा नियम येतोय म्हणतात. पण तशी चिठ्ठी लावलेली असती तरी त्या गिऱ्हाइकाला काय फरक पडला असता? तो हसत म्हणाला, "ही तेच बाई ना भाऊ, 'मले आठवत नाई' वाली?" मी हो म्हणालो. फोन पुसून त्याच्या हातात दिला.

तालमीतली ती चित्रफीत पसरल्यापासून चार वर्षं ते वाक्य जिकडेतिकडे ऐकतोय. परीक्षेवर, निवडणुकीवर, हरवलेल्या चपलेवर. पण त्यात निदान तू तूच होतीस. नाटकातलं वाक्य विसरून अर्धं मिनिट गप्प उभी राहिलेली, आणि मग खरं तेच बोललेली. आता तेवढंही ठेवलं नाही.

त्या दिवशी मी मूळ चित्रफितीविरुद्ध तक्रार केली. ती ज्या पानावरून पसरली त्याचं नाव, 'झाडीतला टेकगुरू'. अर्जात पहिला प्रश्न: चित्रफितीतील व्यक्ती आपणच आहात का? 'नाही' दाबलं तर अर्ज तिथेच संपतो. मग 'इतर' दाबलं. तिथे अकरा कारणं होती, त्यात हत्यारं होती, दुर्मीळ प्राण्यांची विक्री होती. माणसाला लाज वाटणं त्यात नव्हतं. शेवटी 'दिशाभूल' निवडलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: तपासणी केली असता नियमभंग आढळला नाही, आपल्या सजगतेबद्दल आभार. पुन्हा केली. पुन्हा आभार. सात वेळा आभार मानून घेतले.

ते पान चालवणाऱ्यानेच चित्रफीत काढून टाकायची, हाच एक रस्ता उरला. पण त्याला पासवर्ड आठवत नव्हता. नवा मिळवायचा तर ओटीपी लागतो, आणि तो जाणार जुन्या नंबरावर. जुना नंबर त्याने स्वतःच्या हाताने बोडीत फेकला होता.

तुला कळलं असेल. नंबर माझा होता. पान माझं आहे.

गावात, वडशाच्या आपल्या नाटक कंपनीत, कोणालाच ते माहीत नव्हतं. तू मला फोन करून म्हणाली होतीस, "दादा, तुले इंटरनेटचं समजते, तेवढं काढून दे." आणि मी तुला कायदा समजावला होता. एकदा वर गेलेलं खाली येत नाही, म्हणालो होतो. त्या वेळी दोन बटणं दाबली असती तर ते खाली आलं असतं. पण तोवर चार लाख लोकांनी पाहिलं होतं, आणि तो आकडा मी तासातासाला पाहत होतो. तू पुन्हा फोन करशील या भीतीने आठवड्याने सिमकार्ड काढलं आणि बोडीत टाकलं. ते बुडालंही नाही लवकर. कमळाच्या पानावर बराच वेळ राहिलं.

गेल्या महिन्यात मी माझ्याच जुन्या नंबरावर फोन लावला. कोणीतरी उचलला. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात, हे मला माहीत होतं. तरी आपल्या नंबरावरून परका आवाज आला की कसंतरी होतं. आवाज म्हातारा, मराठी तेलुगू वळणाचं. नाव मल्लय्या, राहणार सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठी. मी सगळं समजावून ओटीपी मागितला. तो म्हणाला, "टीव्हीवर रोज सांगते, ओटीपी कोणाले देऊ नका. तुले काऊन देऊ?" मी म्हटलं, मी चोर नाही. "चोर बी हेच म्हणते." मग म्हणाला, "तू इथी ये. तोंड पाहून सांगतो."

म्हणून गेलो. मूल, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीच्या पुढे बस जंगलात शिरली आणि मी अर्धवट झोपेत गेलो. खिडकीतून सागाची मोठी पानं एकामागून एक मागे जात होती. वाटलं, कोणीतरी जाडजूड वही चाळत आहे आणि हवं ते पान सापडत नाहीये. फोनला रेंज नव्हती. चार तास मला कोणी काही विचारलं नाही, कुठे 'मान्य' दाबायला सांगितलं नाही. रंजू, इतकं बरं वाटलं की तिथेच उतरून जावं आणि परत येऊ नये असं वाटलं.

मल्लय्या मासे धरतो. नदी फार रुंद होती, पाणी थोडं, वाळू खूप, आणि पलीकडचं तेलंगण उन्हात हलत होतं. तो जाळं वाळवत बसला होता. वर पाहून म्हणाला, "रा तम्मुडू, बस." म्हणजे ये धाकट्या भावा. मी फोन काढायला लागलो तर हाताने थांबवलं.

"आधी सांग. तुले बहीण हाय का?"

मी हो म्हणालो.

"नाव?"

मी तुझं नाव सांगितलं. त्याने जाळं खाली ठेवलं.

तू त्या नंबरावर तीनदा फोन केला होतास, हे मला त्या वाळूत बसून कळलं. पहिल्यांदा तू नुसतं "दादा" म्हणालीस आणि रडलीस. तो म्हणाला, बाई, मी मल्लय्या. तू विचारलंस, हा नंबर तुमच्याकडे कधीपासून? दोन महिने, तो म्हणाला. "म्हणजे त्यानं नंबरच टाकला," असं म्हणून तू फोन ठेवलास. दुसऱ्यांदा विचारलंस, माझ्या भावाचा कधी फोन आला होता का इकडे? आला नव्हता. तिसरा फोन दोन पावसाळ्यांपूर्वीचा. मल्लय्याने तो मला शब्दशः सांगितला, कारण त्याच्या बायकोला तो अनेकदा सांगून पाठ झाला आहे. तू म्हणालीस, "भाऊ, तुमच्या नंबरावर आधी माझा भाऊ होता. मले पोरगी झाली. या नंबरावर सांगावंसं वाटलं."

"मी काय बोलू?" मल्लय्या म्हणाला. "बायकोले हाक मारली. तिनं तेलुगूत आशीर्वाद दिला. तुझ्या बहिणीले समजला नसन. पण आयकत होती."

मला भाची आहे, हे मला एका परक्या माणसाने सांगितलं. माझ्या जागी त्याने ऐकलं होतं, म्हणून त्यालाच ते माहीत होतं.

मी त्याच्याकडे तुझा नंबर मागितला. तो म्हणाला, "तिनं तुले देल्ला का? मंग मी कसा देऊ?" संमतीच्या त्या कायद्याचं एवढं सोपं भाषांतर मी आजवर वाचलं नाही.

ओटीपी मात्र दिला. पलीकडच्या तेलंगणातल्या टॉवरवरून माझ्या फोनला चांगली रेंज होती. त्याच्या साध्या फोनवर आकडे आले आणि तो तेलुगूत मोठ्याने वाचायला लागला, "आरु, मूडू..." मी म्हटलं, काका, मला कळत नाही. तो पुन्हा पहिल्यापासून, आणखी हळू, तेलुगूतच. मुदत संपली. दुसरा मागवला, तेव्हा त्याने फोनच माझ्यापुढे धरला. पान उघडलं. एकोणीस लाख लोकांनी पाहिलं होतं. 'काढून टाका' दाबलं. यंत्राने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? चार वर्षांत मला कोणी विचारलेला हा पहिला बरोबर प्रश्न होता. मी हो दाबलं.

मूळ गेलं आहे, रंजू. नकला अजून आहेत. एक्केचाळीस सापडल्या, त्यातल्या सतरा मागे लागून काढायला लावल्या. तेलाची जाहिरातही उतरली. बाकीच्या कदाचित कधीच जाणार नाहीत. तुला खोटं सांगणार नाही.

इथे थांबलो असतो तर चिठ्ठी बरी झाली असती. पण खरी गोष्ट लिहायची राहिली आहे.

त्या दुपारी तालमीत प्रॉम्प्टर मी होतो. कौलांतून उन्हाचे तुकडे जमिनीवर पडले होते, पेटीवाला सुपारी कातरत होता. नाटकात शहरातून मुलगा परत येतो, तू दारात उभी राहतेस. "बाळा, तू..." एवढंच म्हणालीस आणि थांबलीस. तुझं बाळ जाऊन तेव्हा पन्नास दिवस झाले होते. कंपनीत कोणाला माहीत नव्हतं. मले माहीत होतं. दवाखान्याच्या दारात मीच तुझ्याजवळ बसलो होतो.

माझ्या मांडीवर नाटकाची वही उघडी होती, बोट पुढच्या वाक्यावर होतं. दुसऱ्या हातात फोन होता, पानासाठी तालीम टिपत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. वाक्य देणं हेच माझं काम होतं. दिलं असतं तर चित्रफितीत माझा आवाज आला असता आणि मजा गेली असती. म्हणून दिलं नाही. लोक जे पाहून हसतात ते अर्धं मिनिट, रंजू, ते तू विसरलीस म्हणून नव्हतं. मी गप्प बसलो म्हणून होतं.

चित्रफितीचा आळ अश्विनवर आला, कारण आवाजाची यंत्रं तो सांभाळायचा आणि तालमी फोनवर तोही घ्यायचा. त्याला कंपनीतून काढलं तेव्हाही मी गप्प होतो.

माफी मागायला शब्द शोधले. सगळे कंपन्यांच्या पत्रातल्यासारखे वाटले, 'झालेल्या गैरसोयीबद्दल' वगैरे. म्हणून मागत नाही. जे केलं ते लिहिलं आहे.

तुझा,
मुखरू


मोहबोडी
रविवार, १५ मार्च २०२६

रंजू,

तुझं कार्ड गुणाबाईंनी बसच्या कंडक्टरकडून पाठवलं. एकच ओळ: "आधी अश्विनले भेट." खाली तुझं नावही नाही. पण अक्षर ओळखलं. 'भ' ची गाठ तू अजूनही उलटी काढतेस.

मोह गळायला लागला आहे. पहाटे अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेलं असतं आणि सगळीकडे तो गोड, जड वास. त्या वासात चालत बसथांब्यावर गेलो. वाटलं, मी कुठे जातोय हे झाडांनाही माहीत असावं.

अश्विन आरमोरीत एका राईस मिलमध्ये आहे. चार वर्षांत केस पिकलेत. मिलच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून बाहेर कोंड्याच्या ढिगाशी उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. तो कोंडा झटकत राहिला.

"मले माहीत होतं, भाऊ," तो म्हणाला.

मी म्हटलं, कधीपासून?

"दुसऱ्याच दिवशी समजलं. फोन कुठून धरला ते दिसत होतं ना त्यात. खालून, पेटीच्या बाजूनं. तिथी तू बसला होता. मी कुठी बसतो? मागं, मशीनपाशी."

"मग बोलला काऊन नाई?"

"बोललो. रंजीताबाईले जाऊन सांगतलं." तो पहिल्यांदा माझ्याकडे पाहत होता. "ते म्हणाली, माझा भाऊ असं करूच शकत नाई. पुन्हा त्याचं नाव घेशीन तं तुझं तोंड पाहणार नाई. मंग कंपनीत कोणाले सांगू? तेच नाई म्हणे तं बाकीचे काय आयकतीन?"

मिल चालूच होती. कोंडा उडत होता, उन्हात सोनेरी दिसत होता, आणि मी त्यात उभा होतो. मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावून दूर गेलीस. तू तर मला वाचवून गेली होतीस.

मी विचारलं, "मी काय करू, अश्विन?"

"माझ्यासंगं वडशाले चल. मालकापुढं बोल. मी उभा राहतो, तू बोल."

त्याने सुट्टी टाकली आणि आम्ही त्याच्या गाडीवर गेलो. वडशात कंपन्यांच्या कार्यालयांसमोर हंगाम संपत आल्याची शांतता होती. पडदे उन्हात वाळत घातलेले. एका पडद्यावर राजवाडा, त्याच्या पायरीवर कुत्रं झोपलेलं. मालक आत होते, दोन जुन्या नट्या कपड्यांच्या पेट्या लावत होत्या. मी बोललो. प्रॉम्प्टरला हळू बोलायची सवय असते, मालक म्हणाले, "मोठ्यानं बोल." मी मोठ्याने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तुझ्या बाळाचं सांगितलं नाही, ते तुझं आहे. बाकी सगळं सांगितलं.

मोठ्या नटीने हातातली साडी तशीच धरून विचारलं, "वही तुझ्याजवळ होती ना रे?"

मी हो म्हणालो.

तिने साडीची घडी घालून पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मालक अश्विनकडे वळले. म्हणाले, दिवाळीनंतरच्या हंगामाला ये, मशीन तुझ्याच हाती देतो. अश्विन म्हणाला, विचार करून सांगतो. लगेच हो म्हणाला नाही, हे मला फार बरं वाटलं. मला मालक म्हणाले, तू या दारात पुन्हा येऊ नको. मी हो म्हणालो.

परत येताना अश्विनने मला बसस्टँडवर सोडलं. त्याने हात पुढे केला नाही, मीही केला नाही. गाडी वळवताना म्हणाला, "रंजीताबाईले लिवशीन तं सांग, मी तिच्यावर कधी रागावलो नाई." तो निरोप तुझ्यापर्यंत पोचवायला हे दुसरं पत्र. माझ्यासाठी काही मागायला नाही.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून बसलो होतो. पळस पेटल्यासारखा लाल, आणि मधेमधे नुसती कोरडी शेतं. मी एक लहान मुलगी पाहत होतो, तिचा चेहरा दिसत नव्हता, ती पाठमोरी चालत होती आणि तिच्या चपला आवाज करत होत्या. झोप लागली होती की जागा होतो, सांगता येत नाही.

तिचं नाव मला माहीत नाही. गुणाबाईंना विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. पण पत्राच्या शेवटी घरातल्या लहानांना आशीर्वाद लिहिल्याशिवाय हात थांबत नाही, म्हणून तिची जागा मोकळी ठेवली आहे. भरायची की नाही ते तुझ्या हातात.

चि. ............... हिला आशीर्वाद.

मुखरू
(मामा लिहायचा अधिकार नाही, म्हणून नुसतं नाव)